कागदावर सगळं लिहिलेलंच असतं ना!

‘पॅटर्न डिझायनरचा, मग यात तुझं काय? कागद ठेवायचा, कापायचं, शिवायचं.’ पुढे डोळा मारणारी इमोजी. सकाळी फोटोखाली हे वाचलं आणि तेव्हापासून डोकं तडकलंय. तिथे उत्तर दिलं नाही, इथे देते. लांबलचक देणार आहे, आधीच सांगते.

फोटो मी शिवलेल्या, धाकट्या बहिणीच्या गाऊनचा होता. एकाच खांद्यावर तोललेला, कमरेपर्यंत अंगाबरोबर आणि खाली उरेब, म्हणजे कापड तिरकं धरून, कापलेला घेर. पॅटर्न, म्हणजे कापड बेतायचा छापील कागदी साचा, कुणाचा हे मीच लिहिलं होतं. लपवलं असतं तर वाहवा मिळाली असती.

आता त्या कागदाचं ऐका. पाकिटातून पातळ टिश्यूचा गठ्ठा निघतो, एकावर एक मापांच्या रेघा छापलेला. ती मापं कुणाची? कुणाचीच नाहीत. बहुतेक मोठ्या कंपन्या ब्राच्या बी कपची छाती धरून पॅटर्न आखतात, आणि साइजचा आकडा दुकानातल्या कपड्याच्या आकड्याशी जुळत नाही तो नाहीच. माझ्या बहिणीचा उजवा खांदा डाव्यापेक्षा उतरता आहे. आजवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, आईच्याही नाही. मांजरपाटाचा कच्चा गाऊन, म्हणजे मापं बघायला आधी स्वस्त कापडात शिवलेला, अंगावर चढवला तेव्हा आलं. आणि गाऊनचा सगळा भार नेमका त्याच खांद्यावर! गळा पुढून उघडा पडतोय, काखेकडे तिरप्या चुण्या ओढल्या जातायत. सूचनापत्रात यावर काय लिहिलंय? ‘खांद्याची शिवण जोडा.’ बस्स.

मग ती शिवण उसवली, टोकाला पाचरीएवढं कापड टाचून घेतलं, तेवढाच मुंढा, म्हणजे काखेभोवतीचा कापलेला गोल, खाली उतरवला. वरच्या कापडाला, खालच्या ऑर्गंझाला (आधार देणारं पातळ, ताठ कापड), अस्तराला, आतल्या काड्या घातलेल्या बॉडीसलाही (छाती ते कमरेचा घट्ट भाग). प्रत्येक तुकडा नव्याने आखला. कागद ठेवायचा आणि कापायचं म्हणे!

गाणाऱ्याला कधी विचारता का, की बंदिश दुसऱ्याची, मग यात तुझं काय?

आणि ‘यात तुझं काय’ म्हणजे ही नुसती नक्कल, असंच म्हणायचंय ना? तर नकलेबद्दल. व्होग या फॅशनच्या नावाने पॅटर्न विकणाऱ्या कंपनीने १९४९ मध्ये पॅरिसच्या डिझायनरांचे पॅटर्न काढायला सुरुवात केली, ते त्यांच्या संमतीने आणि त्यांच्या नावाने. गाऊनला आतून लावायचं विणलेलं लेबलसुद्धा सोबत द्यायचे. पॅरिसचा डिझायनर सॅं लोराँचा, चित्रकार मोंद्रियानच्या चित्रांवरून केलेला १९६५चा मोंद्रियान ड्रेस आठवा, पांढऱ्यावर काळ्या पट्ट्या आणि रंगीत चौकोनांचा. त्याचाही पॅटर्न निघाला. तो ड्रेस दिसतो सरळसोट, पण ते चौकोन छापलेले नाहीत, एकेक तुकडा जोडलेला आहे आणि अंगाचा सगळा आकार त्या शिवणींत लपवलाय. घरच्या मशीनवर बसून त्या पट्ट्या एका रेषेत आणणाऱ्या बायका काय नकलाकार होत्या? संमतीने विकलेला पॅटर्न शिवणं आणि फोटो बघून डिझाइन उचलणं, हा फरक ज्यांना कळत नाही त्यांच्याशी मी तरी वाद घालणार नाही. (घालतेच आहे म्हणा.)

हो, ठीक आहे, धाकटीच्या गाऊनचा तो गळा मला सात जन्मांत सुचला नसता. मान्य. पुढे.

डिझायनरच्या पॅटर्नमध्ये मला खरी गंमत वाटते ती आतल्या बाजूची. बाहेरून दिसतं की गाऊन खांद्यावरून लटकलाय. आतून बघा, कमरेशी ग्रोसग्रेनची (जाड, आडव्या रेघांच्या फितीची) पट्टी असते, ती चेनच्या आधी हुकाने बंद होते आणि गाऊनचं बरंचसं वजन कंबर पेलते. आमच्या उतरत्या खांद्याला त्या पट्टीने केवढं सांभाळलं! हे मला कुणी शिकवलं नव्हतं, त्या कागदानेच शिकवलं. म्हणजे डिझायनरचं ऋण आहेच, मी कुठे नाही म्हणतेय? पण ऋण आहे म्हणून माझे हात उसने होत नाहीत.

राग जरा उतरलाय, लिहिता लिहिता घेराची आठवण आली म्हणून. उरेब कापड स्वतःच्याच वजनाने खाली ओढलं जातं, आणि सगळीकडून सारखं नाही. शिवून झाल्यावर निदान रात्रभर टांगून ठेवायचं, मग अंगावर घालून, गाऊनबरोबर घालायचे तेच सँडल घालून, जमिनीपासून माप घेत खालची कड आखायची. धाकटी खुर्चीवर उभी, मी पट्टी आणि खडू घेऊन गुडघ्यावर. ‘ताई, अजून किती वेळ?’ हे तिचं पालुपद. तिने हलायचं नाही, पोट आत घ्यायचं नाही आणि मुख्य म्हणजे खांदा मुद्दाम वर उचलायचा नाही. आता कळलंय ना तिला, सारखा उचलत होती!

ती कड मी हातानेच घातली. बाहेरून टाका दिसत नाही. फोटोत तर मुळीच दिसत नाही, म्हणून इमोजीवाल्यांना वाटतं की काही केलंच नाही.

तर कुणाला डिझायनरचा पॅटर्न शिवायचा असेल तर खुशाल शिवा, डिझायनरचं नाव आणि पॅटर्नचा नंबर ठळक लिहा, आणि महागड्या सॅटीनला कात्री लावण्याआधी मांजरपाट फाडा. कच्चा गाऊन करण्याचा ज्यांना कंटाळा आहे त्यांनी मला नंतर मेसेज करू नयेत.

धाकटीला आता बाह्यांचा गाऊन हवाय. मी नाही म्हणून सांगितलंय. तिने कापड घेऊन ठेवलंय.