एम्प्रेस मिल युनियनमुळे बुडाली नाही

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. वर नागपूरच्या एम्प्रेस सिटी मॉलचा फोटो आणि खाली मजकूर: इथे एम्प्रेस मिल होती, युनियनबाजीने आणि संपांनी ती बुडवली, चांगल्या मालकाला युनियन लागत नाही, ज्याच्या हातात कसब आहे तो आपला पगार आपण वाढवून घेतो, नेते वर्गणी खातात, आता कायदे आहेत, युनियनचं काम संपलं, मुलांना यापासून दूर ठेवा. मी हिंगणा एमआयडीसीत एकवीस वर्षं काम केलं, त्यातली नऊ युनियनच्या कमिटीवर होतो. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो.

आधी मिल. जमशेटजी टाटांची एम्प्रेस सुरू झाली १ जानेवारी १८७७ला. टाटांनी ती सोडली १९८६ साली. पुढे राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाने चालवली आणि शेवटी भोंगा कायमचा थांबला. संप म्हटलं की लोकांना दत्ता सामंतांचा संप आठवतो. तो १८ जानेवारी १९८२ला सुरू झाला, पण मुंबईच्या गिरण्यांत. तिथल्या सुमारे अडीच लाख कामगारांच्या संपाचं खापर नागपूरच्या मिलवर कसं फोडता येईल?

आणि संपानेच गिरण्या मरतात असं धरलं, तर अहमदाबादचं काय करायचं? तिथे गांधीजी आणि अनसूया साराभाईंच्या पुढाकाराने १९२०मध्ये मजूर महाजन ही गिरणी कामगारांची युनियन उभी राहिली. भांडण लवादाकडे न्यायचं, संप शेवटचा, ही तिची रीत. मुंबईसारखा संप तिथे झाला नाही. तरी १९८०च्या दशकात तिथल्या गिरण्याही एकामागून एक बंद पडल्या. कारण दुखणं दुसरीकडे होतं. यंत्रं म्हातारी झाली होती, नव्यात पैसा घातला गेला नव्हता, पॉवरलूमचं स्वस्त कापड बाजारात भरलं होतं आणि १९८५च्या वस्त्रोद्योग धोरणाने गिरणी व पॉवरलूम यांच्यातली आडभिंत काढून टाकली. यातला एकही निर्णय साच्यावर, म्हणजे मागावर, उभ्या असलेल्या माणसाने घेतलेला नव्हता. घर मात्र त्याचं उठलं. चाळीस वर्षांनी त्याच्याच माथी दोष मारणं मला सहन होत नाही.

चांगल्या मालकाला युनियन लागत नाही, असं म्हणताना लोक टाटांचंच उदाहरण देतात. एम्प्रेसमध्ये १८८६ला पेन्शन फंड आणि १८९५ला अपघात भरपाई सुरू झाली, हे खरं आहे. त्या काळी ते फार मोठं होतं आणि त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण त्याच टाटांच्या जमशेदपूरला १९२०पासून युनियन आहे, सुभाषचंद्र बोस तिचे अध्यक्ष होते. तो पोलाद कारखाना शंभर वर्षांनंतरही चालू आहे, युनियनही चालू आहे.

आता ‘आपला पगार आपण वाढवून घ्या’. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

दिवाळीच्या आधी आमच्याकडे ओटी, म्हणजे ओव्हरटाइम, जोरात असायची. एका वर्षी स्लिप हातात आली तर ओटी सिंगल रेटने लावलेली. तेव्हा लागू असलेल्या १९४८च्या कारखाने कायद्यात ती दुप्पट दराने द्यायची होती. आमच्या लाईनवरचा एक फिटर, हाताचा अतिशय चांगला, एकटाच केबिनमध्ये गेला. साहेबांनी बसवलं, चहा मागवला. “तुझं पाहू ना. फक्त बाहेर बोलू नको.” पुढचे तीन महिने त्याला ओटीच मिळाली नाही. दुसरा गेला, त्याला सांगितलं, “जमत नसन तर गेटवर रांग आहे.” दोघांनाही मशीन उत्तम येत होती. कसबाचा प्रश्नच नव्हता. एकटा माणूस सोडून गेला तर कंपनीचं काही अडत नाही, त्याचा मात्र महिन्याचा किराणा अडतो.

मग शाळेच्या वहीचं एक पान फाडून त्यावर सह्या घेतल्या, गोल घेतल्या, म्हणजे कुणाचं नाव पहिलं दिसू नये. एकशे बारा सह्या झाल्या. त्या पानामागून युनियन आली, मागणीपत्र आलं, लेबर ऑफिसच्या तारखा आल्या. अकरा महिन्यांनी तीन वर्षांचा करार झाला. ओटी डबल, मागची थकबाकी दोन हप्त्यांत. आम्हीही दिलं: शिफ्टचं उत्पादन वाढवून देण्याचं लिहून दिलं आणि पाळलं. करार चालू असताना त्यातल्या विषयांवर संप करता येत नाही, हे कायद्यातच आहे. सगळ्या प्रकरणात एक दिवसही मशीन बंद ठेवली नाही. वाटाघाट ती हीच.

नेते वर्गणी खातात? काही खातात. मी पाहिले आहेत, त्यांच्याशी भांडलोही आहे. फूटही खरी, १९२९ला आयटक ही देशभरातल्या युनियनांची संघटना फुटली ती आपल्या नागपूरच्याच अधिवेशनात, नेहरू अध्यक्ष असताना. पण युनियनच्या हिशेबाचं ऑडिट होऊन तो दरवर्षी रजिस्ट्रारकडे द्यावा लागतो आणि वह्या पाहायचा हक्क सभासदाला १९२६च्या ट्रेड युनियन कायद्यानेच दिला. वही मागा. नाही दाखवली तर नेता बदला. मला जास्त टोचते ती दुसरी गोष्ट: परमनंटच्या युनियनने शेजारी उभ्या असलेल्या ठेकेदाराच्या पोरांना कितीदा मोजलंच नाही. आमच्या पहिल्या करारात त्यांच्यासाठी एक ओळ नव्हती. ती चूक आमची होती.

राहिला कायदा. दुप्पट ओटीचा कायदा आमच्या कंपनीलाही लागू होताच, तो पगाराच्या स्लिपवर यायला एकशे बारा सह्या लागल्या. व्हाइसरॉयच्या मंडळात बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४६ला आठवड्याचे कामाचे तास ५४वरून ४८ झाले, हे नागपुरात सांगावं लागत नाही. पण त्यांनीच १९४३ला, मालकांनी युनियनला मान्यता देणं बंधनकारक करणारं विधेयक मांडलं होतं, हे फारसं कुणी सांगत नाही. चांगले कायदे करणाऱ्या माणसालाही युनियन हवीच वाटत होती.

मुलांना दूर ठेवायचं म्हणता, तर माझा भाचा बुटीबोरीत ठेकेदाराकडे आहे. तो मेसेज त्यालाही आला. त्याने मला फोन करून एवढंच विचारलं, “मामा, किती जण लागतात?” मी सांगितलं, युनियन नोंदवायचा अर्ज करायला सात. पण कामगारांपैकी दहा टक्के किंवा शंभर, यांतलं जे कमी असेल तेवढे सभासद हवेत. त्यांच्याकडे सगळे मिळून चारशे आहेत. म्हणजे चाळीस. रविवारी तो पाच जणांना घेऊन घरी येतो आहे.