व्हिडिओ करायचेत? मग ती ६५ हजारांची यादी आधी बाजूला ठेवा

गेले काही महिने व्हॉट्सॲपवर एक यादी फिरतेय. मला ती तीन ग्रुपवर आली आणि चौथ्यांदा मिरजेहून आत्याने पाठवली. खाली एकच ओळ: "एवढं सगळं लागतं का रे?" आत्या निवृत्त शिक्षिका. पाचवीच्या पोरांना अपूर्णांक समजावणारे छोटे व्हिडिओ करावेत असं तिच्या मनात होतं, घरात एक लहान फळाही टांगून झाला होता. यादी वाचली आणि तिने विषयच मिटवला.

यादीचं म्हणणं थोडक्यात असं. फोनवर काढलेला व्हिडिओ आता कुणी बघत नाही, म्हणून ४के कॅमेरा घ्या. स्टुडिओत असतो तसा कंडेन्सर माइक घ्या. १८ इंची रिंग लाइट, म्हणजे कड्यासारखा गोल दिवा, घ्या. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून भिंतींना फोम चिकटवा. एकूण खर्च ६५ हजार. आणि वरून भावनिक फोडणी: दादासाहेब फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकून कॅमेरा आणला, तुमच्याने एवढंही होत नाही?

मी दिवसभर दुसऱ्यांनी काढलेले व्हिडिओ कापतो-जोडतो. लग्नं, क्लासचे धडे, दुकानांच्या जाहिराती. भारी कॅमेऱ्याने काढलेलं आणि तरी ऐकवत नाही असं फुटेज माझ्याकडे इतकं येतं की ही यादी वाचून गप्प बसवेना.

कॅमेऱ्यापासून सुरू करू. ४के म्हणजे एका चौकटीत ३८४० गुणिले २१६०, साधारण ८३ लाख ठिपके. बहुतेक फोनवर सहज निघणारं १०८० म्हणजे १९२० गुणिले १०८०, जेमतेम २१ लाख. चौपट फरक आहे, नाही कशाला म्हणू? पण बघणारा एसटीच्या खिडकीत बसून हातातल्या फोनवर बघतोय. त्याच्या डोळ्यांना हा फरक कळत नाही, तुमच्या स्टोरेजला मात्र लगेच कळतो, आणि एडिटिंगला बसलात की जुना लॅपटॉप धापा टाकतो तो वेगळाच. नंतर चौकट कापून एखादी गोष्ट जवळून दाखवायची असेल तर ४के कामाला येतं. फळ्यावरच्या तीन चतुर्थांशाला त्याची गरज नाही.

फोनचा व्हिडिओ खराब दिसतो त्याची कारणं बहुतेक वेळा फुकटात दूर होणारी असतात. मी गळ घातल्यावर आत्याने काढलेल्या पहिल्या क्लिपवर सगळीकडे धुकं होतं. मला वाटलं फोनच गेला. निघालं काय, तर लेन्सवर फोडणीच्या तेलाचं बोट उमटलेलं. शिवाय तिने सेल्फीचा कॅमेरा वापरला होता; मागचा कॅमेरा जवळपास प्रत्येक फोनमध्ये जास्त चांगला असतो. स्वतःला बघता येत नाही ही अडचण खरी, पण दोन दिवसांत सवय होते. फोन विमान मोडवर टाका, नाहीतर ऐन लसाविमध्ये गॅसवाल्याचा कॉल येतो. गंमत म्हणजे ज्या एका वस्तूसाठी मी आनंदाने पैसे मोजायला सांगेन ती यादीत नाहीच: साधा, मोबाइल अडकवायचा ट्रायपॉड. डब्याला टेकवून ठेवलेला फोन तिसऱ्या मिनिटाला घसरतो.

माइकच्या बाबतीत यादी अर्धी बरोबर आहे. चित्र जरा मळकट असलं तरी माणूस बघत राहतो, आवाज घुमायला लागला की पुढे सरकतो. म्हणजे पहिला पैसा आवाजावर घालायचा, हे कबूल. पण कंडेन्सर माइक? तो फार संवेदनशील असतो, आणि साध्या खोलीत हाच त्याचा दोष ठरतो: पंखा, शेजारचा मिक्सर, रस्त्यावरचा भंगारवाला, सगळे हजर. त्यातून स्टुडिओतल्या त्या माइकला चालायला ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो, तो फोन देत नाही. त्यासाठी मध्ये आणखी एक यंत्र घ्यावं लागतं. यादीने ते धरलेलंच नाही, म्हणजे ६५ हजार हा आकडाही कच्चाच.

खरा मुद्दा अंतराचा आहे. माइक दुप्पट लांब गेला की थेट तोंडातून येणाऱ्या आवाजाची तीव्रता चौथाई होते. फोन दोन मीटरवर ट्रायपॉडला आहे आणि कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर, असं धरा. अंतर दसपट कमी, म्हणून आवाज शंभरपट तीव्र. खोलीचा घुमारा मात्र दोन्हीकडे साधारण तेवढाच. महागडा माइक लांब ठेवून हे गणित फिरवता येत नाही. हजाराच्या आसपासचा, तारेचा कॉलर माइक यासाठी पुरतो. घेताना पिन बघा: फोनला चालणाऱ्या पिनेवर तीन काळ्या रेघा असतात, कॅमेऱ्याच्या पिनेवर दोन. फोनला गोल भोकच नसेल तर टाइप-सीचा कन्व्हर्टर लागतो. तो माइकसुद्धा चालवतो का, हे दुकानातच लावून बघायचं.

तरी आत्याच्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये दर दोन सेकंदांनी खरखर होती. मी तार तपासली, पिन तपासली, फोन बदलला. शेवटी व्हिडिओ नीट पाहिला तेव्हा दिसलं: ती फळ्याकडे वळली की मंगळसूत्राचे मणी माइकवर घासत होते, आणि उरलेलं काम पदर करत होता. माइक पदरावरून काढून ब्लाउजच्या गळ्याच्या कडेला लावला, मंगळसूत्र तेवढा वेळ आत, बांगड्या टेबलावर. खरखर संपली. असल्या गोष्टी कुठल्या यादीत येणार? ती बनवणाऱ्याने बहुधा साडी नेसून कधी रेकॉर्डिंग केलं नसावं.

तार फळ्यापर्यंत पुरत नसेल तर माइक जुन्या फोनला जोडा, तो फोन कमरेला खोचा आणि त्यावर नुसता आवाज रेकॉर्ड करा. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवायची. एडिटिंगमध्ये हात जुळलेला दिसतो तिथे टाळीचा आवाज आणून बसवला की दोन्ही जुळतात. सिनेमावाले पाटी आपटतात ती याचसाठी.

रिंग लाइटबद्दल फार बोलायला नको. जवळून चेहरा दाखवायचा असेल, मेकअप शिकवायचा असेल, तर ठीक. चष्मा असेल तर दोन्ही काचांत दोन पांढरी कडी चमकतात आणि बघणारा तीच बघत बसतो. आत्याला चष्मा आहे. आम्ही तिला खिडकीकडे तोंड करून उभं केलं आणि दुसऱ्या बाजूला टीव्हीच्या खोक्यात आलेला थर्माकोलचा पांढरा तुकडा टेकवला. सावलीकडचा गाल लगेच उजळला. शूटिंगवालेही थर्माकोल असाच वापरतात, फक्त त्यांचा मोठा असतो. ढग येऊन-जाऊन प्रकाश कमीजास्त होत असेल तर फोनच्या पडद्यावर चेहऱ्यावर बोट दाबून धरा; बहुतेक फोनवर फोकस आणि उजेड तिथेच लॉक होतो.

नोकरीवरून येऊन रात्रीच रेकॉर्ड करणाऱ्यांना मात्र दिवा लागतोच. त्यांनी एलईडीच्या दोन पट्ट्या पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून लावाव्यात, म्हणजे उजेड मऊ होऊन परत येतो. दोन्ही एकाच रंगाच्या असू द्या. एक पिवळी आणि एक पांढरी झाली की माणूस कावीळ झाल्यासारखा दिसतो. व्हिडिओत आडवे पट्टे सरकताना दिसले तर समजा दिवा लुकलुकतोय. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. फोनच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवलं की पट्टे जातात.

फोमचा मुद्दा सरळ चुकीचा आहे. भिंतीवरचा पातळ फोम खोलीतला घुमारा थोडा पितो, तोही मुख्यतः वरच्या पट्टीतला. बाहेरून येणारा हॉर्न तो अडवत नाही. आवाज अडवायला वजन लागतं आणि फटी बुजवाव्या लागतात, म्हणजे जाड भिंत, घट्ट बसणारी खिडकी. घुमाऱ्यासाठी घरात आधीच फोमपेक्षा बरं सामान असतं: गादी, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट, आणि गोधड्या. आत्याच्या आईने शिवलेल्या दोन गोधड्या आता कॅमेऱ्यामागे दोरीवर असतात. खोलीत एक टाळी वाजवून बघा, तिच्यामागे आवाजाचं शेपूट ऐकू आलं तर आणखी एक गोधडी टांगा. पंखा बंद करावाच लागतो. मे महिन्यात मिरजेत पंखा बंद करून कोण किती वेळ बोलणार? म्हणून तिचे धडे तीन मिनिटांचे झाले, आणि ते एका अर्थी बरंच झालं.

राहता राहिले फाळके. पॉलिसी गहाण टाकली हे खरं, १९१२ मध्ये लंडनला जाऊन त्यांनी विल्यमसन कॅमेरा आणला हेही खरं. पण तेव्हा दुसरा रस्ताच नव्हता. त्यांच्या खिशात काही कॅमेरा असलेला फोन नव्हता. कच्ची फिल्म आणायची तर तिच्या कडांना भोकंसुद्धा घरीच पाडावी लागत, आणि ते काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई अंधारात बसून करत. आणि कॅमेरा आल्यावर त्यांनी काय केलं? राजवाड्याचा सेट नाही उभारला. कुंडीत वाटाणा पेरला, त्याचं रोप वाढताना एकेक चौकट करून टिपलं, आणि ती छोटीशी फिल्म लोकांना दाखवून पुढच्या चित्रपटासाठी पैसे उभे केले. १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' त्यानंतरचा. फाळक्यांचं नाव घ्यायचंच असेल तर वाटाण्यासकट घ्या.

आत्याचा आतापर्यंतचा खर्च: कॉलर माइक आणि ट्रायपॉड, दोन्ही मिळून दोन हजारांच्या आसपास. परवा तिचा फोन आला. फळ्यावर खडू करकरतो तो माइकमध्ये फार येतो, म्हणाली. मी काही सुचवायच्या आत तीच पुढे म्हणाली, "जरा पाण्यात बुडवून घेतला. गप्प बसला."