"गावाकडची पोरं पडून पडूनच तयार होतात" हा फॉरवर्ड चुकीचा आहे

सध्या एक मेसेज फिरतोय, की गावातल्या मुलांची हाडं मजबूत असतात, पडणं हाच त्यांचा धडा, त्यांना सेफ्टी वगैरे शिकवायची काही गरज नाही. हे बरोबर नाहीये. खेळताना गुडघा खरचटणं वेगळं आणि गच्चीवरून, झाडावरून नाहीतर उघड्या विहिरीत पडणं वेगळं, दोन्ही एकाच मापात मोजू नका प्लीज. लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं आणि जड असतं त्यामुळे वाकून बघताना तोल पटकन जातो, आणि हाडांच्या टोकाशी जिथे वाढ होते तो भाग नाजूक असतो, तिथे फ्रॅक्चर झालं तर पुढची वाढच बिघडू शकते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगभरात पडल्यामुळे दरवर्षी सुमारे 6 लाख 84 हजार माणसं दगावतात, सगळ्या वयांची मिळून, आणि त्यातले 80 टक्क्यांहून जास्त मृत्यू गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात.

शिकवायचं म्हणजे नुसतं "जपून रे" ओरडणं नाही, मुलांना सोबत घेऊन धोक्याच्या जागा दाखवा, कुठली फांदी वाळलेली, कुठे कठडा नाही ते त्यांनाच ओळखू द्या. पण दोन-तीन वर्षांच्या मुलाला कितीही सांगितलं तरी लक्षात राहत नाही, तिथे कठडा, विहिरीला जाळी आणि मोठ्यांची नजरच लागते.

आणि डोक्याला मार लागून मूल बेशुद्ध झालं, परत परत उलट्या किंवा झटके आले तर हळद लावत बसू नका, लगेच दवाखान्यात न्या.