मामाची हेमी, भाच्याचा सायलेन्सर

मागच्या महिन्यात पुण्यात माझ्या भाच्याला एका चौकात अडवलं, बुलेटला बाहेरून बसवलेला कर्कश सायलेन्सर काढून घेतला आणि हातात दंडाची पावती ठेवली. असे जमा केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यांच्यावरून रोडरोलर फिरवतात, त्याचे फोटो तुम्हीही पेपरात पाहिले असतील. फॅमिली ग्रुपवर मी लगेच मामाच्या हक्काने दोन परिच्छेद खरडले. शेजारीपाजारी, हार्टचे पेशंट, पाळण्यातली बाळं वगैरे. त्याचं उत्तर एका ओळीत आलं. “मामा, तू तिकडे पावणेसहा लिटरचं इंजिन घेऊन फिरतोस, ते काय बासरी वाजवतं?”

ग्रुपवर हशा पिकला. माझ्या सख्ख्या बहिणीनेही त्यात हात धुऊन घेतला. त्या एका ओळीचं उत्तर ग्रुपवर मावेना, म्हणून इथे लिहितोय.

माझी गाडी म्हणजे २०१० सालची डॉज चॅलेंजर आर-टी. सहा गिअर, दोन दारं, आठ सिलिंडरचं ५.७ लिटरचं हेमी इंजिन आणि रंग आपल्या मारुतीचा असतो तसा शेंदरी. अमेरिकेत डेट्रॉइटच्या उत्तरेला राहतो, तिथल्याच एका निवृत्त माणसाकडून २०१८ मध्ये सेकंडहँड घेतली. बॉनेट इतकं लांब की पुढचं टोक कुठे संपतं ते अंदाजानेच ठरवायचं. मागचं तर जवळजवळ काहीच दिसत नाही. वजन पावणेदोन टनांच्या वर. वळणावर ती नाखुशीने वळते, पण सरळ रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की पाठ सीटला चिकटते आणि पोटात खड्डा पडतो. मिशिगनचे रस्ते फूटपट्टीने आखल्यासारखे सरळ आहेत, म्हणून ही गाडी इथे शोभते. वरंध घाटात तिने माझं तोंड काळं केलं असतं.

चॅलेंजर पहिल्यांदा आली ती १९७० चं मॉडेल म्हणून, आणि १९७४ मध्ये गेलीसुद्धा. धुरावरचे नवे कायदे, तरुण पोरांच्या गाड्यांवर विमा कंपन्यांनी चढवलेले हप्ते आणि १९७३ चा तेलाचा झटका, या तिघांनी मिळून मसल कारची, म्हणजे साध्या गाडीत थोरलं इंजिन कोंबलेल्या गाड्यांची, ती पहिली पिढी संपवली. पुढे १९७८ मध्ये डॉजने हेच नाव एका मित्सुबिशीला चिकटवलं. त्याबद्दल इथले जुने लोक अजूनही बोलत नाहीत, घरातल्या एखाद्या पळून गेलेल्या काकाबद्दल बोलत नाहीत तसे. मग २००६ च्या डेट्रॉइट ऑटो शोमध्ये जुन्याच चेहऱ्याचा नमुना ठेवला गेला, २००८ मध्ये गाडी रस्त्यावर आली आणि २०२३ च्या डिसेंबरात पुन्हा बंद पडली. म्हणजे दुसरा जन्म पहिल्यापेक्षा तिपटीहून मोठा झाला.

आता या दुसऱ्या जन्माची जन्मपत्रिका बघा. जुळणी कॅनडात, ब्रॅम्प्टनला. इंजिन मेक्सिकोतल्या साल्टिओचं. सस्पेन्शनमध्ये मर्सिडीजचा वारसा, कारण तिचा पाया आखला गेला तेव्हा डॉजची मालक क्रायस्लर आणि मर्सिडीजवाली डाइमलर यांचा संसार चालू होता. २००९ मध्ये क्रायस्लरचं दिवाळं निघालं आणि कारभार इटलीच्या फियाटकडे गेला. आणि ही म्हणे अस्सल अमेरिकन गाडी! तिकडे पुण्यात इलेक्ट्रिक चेतक खरी चेतक आहे का यावर लोक हमरीतुमरीवर येतात. आडवी करून पेट्रोल कार्ब्युरेटरकडे घ्यावं लागत नाही ती चेतक कसली, असं माझा मोठा भाऊ म्हणतो. जावाचंही तेच. नाव चेकोस्लोव्हाकियाचं, पहिला संसार म्हैसूरला आणि पुनर्जन्म २०१८ मध्ये महिंद्रांच्या छत्राखाली. मला या वादात आताशा गंमत वाटत नाही. पुन्हा आणलेल्या गाडीत जुनं लोखंड नसतं, जुनी इच्छा असते. १९७० च्या अस्सल चॅलेंजरला माझ्याकडे पैसे नाहीत. शिवाय तिचे ब्रेक, तिचं तापणं, थंडीतले तिचे नखरे सांभाळायला माझ्याकडे शनिवार-रविवारही नाहीत. माझ्या गाडीला एअरबॅग आहेत, एसी आहे आणि ती पहिल्या सेल्फला उठते. आठवण जुनी आणि वायरिंग नवं, हा सौदा मला पसंत आहे.

आठवण कुणाची, असं विचाराल तर माझी नाही, कबूल. १९७० मध्ये माझ्या वडिलांकडे सायकल होती. पण धागा तुटकासुद्धा नाही. २०१९ मध्ये माझे सासरे, अण्णा, इथे आले होते. अण्णांची सगळी नोकरी कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात गेली. गॅरेजचं शटर वर गेलं, गाडीवरचं ‘डॉज’ वाचलं आणि ते जागीच थांबले. “हे तर आमचं नाव,” म्हणाले. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर काढली ती क्रायस्लरशी करार करून. कुर्ल्यात आधी डॉज, प्लिमथ आणि डिसोटो जोडल्या गेल्या, फियाट नंतर आली. अण्णा लागले तेव्हा अमेरिकन मोटारी गेल्या होत्या, पण ट्रकच्या नाकावर डॉज शिल्लक होतं.

त्यांनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली. दार आणि मडगार्ड यांच्यामधल्या फटीतून अंगठ्याचं नख वरून खालपर्यंत फिरवलं, मधे दोनदा थांबले. “वर तीन, खाली चार. आमच्या साहेबांनी परत पाठवली असती.” त्यांच्याच कारखान्यातल्या पद्मिनीच्या दारांबद्दल मला बरंच काही बोलता आलं असतं, पण जावयाने बोलू नये. मग अपेक्षित प्रश्न आला. “जावईबापू, लिटरला किती देते?”

“गावात साडेसहा.”

“मग ट्रकच घ्यायचा होतात.”

फियाटने क्रायस्लर सांभाळली, हे त्यांना मी त्या दिवशी सांगितलं. त्यांना इतका आनंद झालेला मी लग्नातही पाहिला नव्हता.

मुंबईत ऑक्टोबर २०२३ अखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, तेव्हा अण्णांचा फोन आला. ती गाडी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदवलेली, टॅक्सीला वयाची मर्यादा वीस वर्षं, तारीख भरली. “चालत होती हो,” एवढंच ते म्हणाले. जुन्या गाड्यांबद्दलच्या देशातल्या वादाचं दुसरं टोक मला इथे दिसतं. आपल्याकडे गाडीचं आयुष्य कॅलेंडर ठरवतं. दिल्लीत नियम होता, डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षं. २०२५ च्या जुलैत तिथे वय झालेल्या गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचं नाही असं ठरलं आणि काही दिवसांतच ते गुंडाळावं लागलं. महाराष्ट्रात तशी बंदी नाही, फेरनोंदणी आहे. पण एप्रिल २०२२ पासून कारच्या फेरनोंदणीचं शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० वर गेलं, वर पर्यावरण कर. माझ्या भावाची वॅगन आर अजून खणखणीत आहे. तरी तो म्हणतो, हिच्यावर पैसे घालण्यात अर्थ नाही. आणि गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणवून घ्यायचं तर पन्नास वर्षं थांबायचं, तेही तिच्यात फारसा बदल न करता. मधली पस्तीस वर्षं ती कोण असते? भंगार होण्याची वाट बघणारी.

मिशिगनमध्ये पंचवीस वर्षं उलटली की गाडीला ऐतिहासिक नंबर प्लेट मिळते. तिच्यावर रोज ऑफिसला जायचं नाही, प्रदर्शनं, मिरवणुका, क्लबचे कार्यक्रम यांना जायचं. फक्त ऑगस्ट महिना पूर्ण मोकळा, कायद्यातच तसं लिहिलंय. एखाद्या सरकारने गाड्यांना श्रावण पाळून द्यावा, तसं.

पण लगेच इथलं कौतुक सुरू करणार नाही. परदेशातल्या मामांची ती जुनी खोड आहे. मिशिगनमध्ये खासगी गाडीची नियमित तपासणीच नाही. ना ब्रेकची, ना धुराची. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, आणि डेट्रॉइटखाली हजारेक फुटांवर मिठाची मोठी खाण आहे. ज्या शहराने गाड्या बनवल्या, त्याच्याच पोटातलं मीठ त्या खातं. आपण खाल्ल्या मिठाला जागायच्या गोष्टी करतो, इथे खालची चॅसी कुजून लोंबणारे पिकअप माझ्या शेजारून सत्तर मैलांच्या वेगाने जातात आणि त्यांना कुणी काही विचारत नाही. माझी चॅलेंजर नोव्हेंबर ते एप्रिल गॅरेजात चार्जरला लावून झोपते. वय बघून गाडी काढणं अडाणीपणाचं आहे असं माझं ठाम मत आहे, पण तपासणीच न करणं हा त्याहून मोठा अडाणीपणा. गाडी उचला, खाली वाका, धूर मोजा आणि मग ठरवा. अण्णांचं नख हे काम वर्षानुवर्षं करत होतं.

आता मुद्द्याचं. आवाज.

मसल कार जन्मली तीच पळवाटेतून. जनरल मोटर्सचा नियम होता की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही. १९६४ च्या मॉडेलसाठी त्याच कंपनीच्या पॉन्टिअॅक विभागातल्या जॉन डिलोरियन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ३८९ चं इंजिन ‘वेगळी गाडी’ म्हणून नाही, तर साध्या टेम्पेस्ट गाडीवरचा जादा पर्याय म्हणून विकायला काढलं. तीच जीटीओ. तीनशेच्या आत जादा डॉलर टाकले की कारखान्यात काम करणाऱ्या पोराला श्रीमंताच्या गाडीला मागे टाकता यायचं. ही पोरं डेट्रॉइटच्या वुडवर्ड अॅव्हेन्यूवर एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत शर्यती लावायची. रस्त्याकडेच्या घरांत तेव्हा लोक काय म्हणत असतील, ते कोथरूडला कान दिला तर कळेल.

आज त्याच वुडवर्डवर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची मिरवणूक असते, १९९५ पासून. फर्नडेलपासून पॉन्टिअॅक गावापर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक फोल्डिंगच्या खुर्च्या टाकून सकाळपासून बसतात. खुर्चीवरचे आजोबा म्हणजेच ती साठ सालची उडाणटप्पू पोरं. मीही दरवर्षी जातो. गेल्या वर्षी माझ्या शेजारच्या खुर्चीवरचे गृहस्थ डोळे मिटून, नुसत्या आवाजावरून इंजिन ओळखत होते. मी सात तपासली, सहा बरोबर. सातवी डॉजचीच ‘चार्जर’ नावाची इलेक्ट्रिक गाडी होती. डॉजने तिला मागून गुरगुरण्याचा कृत्रिम आवाज दिलाय. आजोबांनी डोळे उघडले आणि नाक मुरडलं. गिऱ्हाइकांनीही तेच केलं असावं, कारण पेट्रोलची चार्जर कंपनीने पुन्हा आणली आहे.

तेव्हा भाचेबुवा, इथपर्यंत तुझं बरोबर आहे. तुझी बुलेट आणि जुनी जीटीओ एकाच जातीच्या. माझ्या गाडीचं अर्धं आकर्षण आवाजातच आहे, हेही लपवत नाही. खालच्या आरपीएमला ती गुरगुर छातीत लागते, कानात नाही. ती नसती तर मी गुमान टोयोटाची कॅमरी घेतली असती.

पण एक गोष्ट ग्रुपवर कधी सांगितली नाही. गाडी घेतली तेव्हा आदल्या मालकाने बाजारातला मफलर बसवलेला होता. मी खूश होतो. ऑक्टोबरमध्ये लवकरची शिफ्ट होती, पहाटे पाच वाजून चाळीस मिनिटांनी मी गाडी सुरू करायचो. थंड इंजिन पहिली दोन मिनिटं जास्तच बोंबलतं. पाचव्या दिवशी वायपरखाली चिठ्ठी होती, पलीकडच्या घरातल्या बाईंची. त्या हॉस्पिटलात रात्रपाळी करतात. “गाडी सुंदर आहे. मी पाच वाजता घरी येते.” एवढंच. पोलीस नाहीत, दंड नाही, रोडरोलर नाही. रागवल्या असत्या तर मी भांडलो असतो. ती चिठ्ठी मी तीनदा वाचली आणि त्या शनिवारी चारशे डॉलर घालून कंपनीचा मूळ मफलर परत बसवला. आमच्या दोन घरांत साठ फुटांचं गवत आहे, तरी ही गत. तुझ्या सोसायटीत दोन खिडक्यांमध्ये किती अंतर आहे, ते तू मोज.

रोडरोलर मला आवडत नाही, तमाशा वाटतो. सायलेन्सर बसवून देणाऱ्या दुकानावर तो आधी फिरायला हवा. पण तुझा मूळ सायलेन्सर माळ्यावर असेल, तो उतरव. आणि पुढच्या ऑगस्टमध्ये सुट्टी काढून ये. वुडवर्डला खुर्ची धरून ठेवतो. गाडीही चालवायला देईन, सकाळी आठनंतर. आणि अण्णांसाठी पुढच्या मडगार्डची फट नीट करून घेतली आहे, तर परत गेल्यावर त्यांना फोटो नक्की दाखव.