वाटेला कुलूप

डोंगर कुणाच्या नावावर आहे याच्याशी मला काही देणंघेणं नाही. सातबारा त्यांचा, खुशाल असू दे. पण वाट अडवायची नाही!

आज सकाळी टेकडीवर निघाले तर वाटेत लोखंडी फाटक. दोन्ही बाजूंना नवीकोरी काटेरी तार. पलीकडे तीच वाट वर गेलेली, पायांनी घासून गुळगुळीत झालेले तेच दगड. वॉचमन म्हणाला, "ताई, साहेबांना फोन करा, हो म्हणाले की लगेच सोडतो." मी नंबर घेतला नाही.

घरी सगळे म्हणतात, एका फोनचा तर प्रश्न होता. नाही, नव्हता. परवानगी मागितली की हक्क संपला, उरली मेहेरबानी. इंग्लंडच्या कायद्यात हे सरळ आहे: लोक एखाद्या वाटेने सलग २० वर्षं उघडपणे, कुणाला न विचारता चालले, तर ती सार्वजनिक मानली जाऊ शकते. विचारून चालले तर नाही! म्हणून नंबर घेतला नाही. तिथेही हे फुकट मिळालेलं नाही. १९३२ मध्ये किंडर स्काउट नावाच्या डोंगरमाळावर शेकडो लोक मुद्दाम घुसले, त्यापायी पाच तरुणांनी तुरुंगवास भोगला, आणि माळरानं मोकळी करणारा कायदा यायला २००० साल उजाडलं. स्कॉटलंडने २००३ मध्ये बहुतेक सगळी जमीन चालणाऱ्यांना खुली केली. स्वीडनमध्ये दुसऱ्याच्या रानात एखादी रात्र तंबू टाकता येतो. तिथल्या मालकांची मालकी गेली का? आहे तिथेच आहे.

कचरा करणारे, उभं पीक तुडवणारे असतात, मान्य. त्यांना दंड करा. स्कॉटलंडनेही पीक आणि घराचं आवार वगळलंय. या तारेमागे पीक नव्हतं, घर नव्हतं. नुसतं गवत होतं.

वॉचमनवर राग नाही. बिचारा उन्हात उभा, बसायला खुर्चीसुद्धा नाही, तरी स्वतःची पाण्याची बाटली त्याने माझ्यापुढे केली. पण माझ्या मागून काठी टेकत एक आजोबा आले, पाटी वाचली आणि एक शब्द न बोलता वळले. रोज दिसायचे ते मला वर. त्यांनी निदान का म्हणून तरी विचारायला हवं होतं. आपण सगळेच असे वळतो आणि तार तिथेच राहते.

या वाटेवरचे जुने फोटो कुणाकडे असतील तर पाठवा, शक्यतो तारखेसकट. फाटकाच्या आधी इथे माणसं चालत होती हे कागदावर दाखवावं लागणार आहे.