मुखडा लोकांचा, अंतरा संगीतकाराचा

गणपती जवळ आले की हा वाद दरवर्षी उकरून काढला जातो. मंडपात कुठली गाणी लावायची आणि कुठली नाही. एक गट म्हणतो, ही थिल्लर गाणी बंद करा, जरा दर्जेदार काहीतरी वाजवा. दुसरा म्हणतो, लोक नाचायला येतात, त्यांना नाचू द्या. मग कोणीतरी "कला वेगळी आणि करमणूक वेगळी" असं म्हणतं आणि सगळे माना डोलावतात. वेगळी म्हणजे नेमकी कुठे वेगळी, हे कोणी सांगत नाही.

मला हे सांगावंसं वाटतं, कारण मी हौशी कार्यक्रमांत पेटीची साथ करतो. भावगीतं, नाट्यपदं, लावण्या, लग्नाच्या आदल्या रात्रीची हिंदी गाणी, जे समोर येईल ते वाजवतो. गाणं नुसतं ऐकताना बरंच काही कानाआड होतं. तेच गाणं बोटांत बसवायला घेतलं की करणाऱ्याने त्यात किती जीव ओतलाय ते लगेच कळतं.

माझं म्हणणं असं आहे. लोकप्रिय गाण्यात करमणूक ही अट आहे. लोकांना ते आवडलं पाहिजे, गुणगुणता आलं पाहिजे, त्यासाठी कोणीतरी तिकीट काढलं पाहिजे किंवा कॅसेट विकत घेतली पाहिजे. ही अट सगळ्यांना सारखी, कोणी त्यातून सुटलेलं नाही. कला म्हणजे ही अट पाळून, कोणी मागितलेलं नसताना करणारा जे जास्तीचं काम करून ठेवतो ते. आणि हे काम शोधायचं असेल तर मी गाण्याच्या अंतऱ्याकडे, म्हणजे कडव्याकडे बघतो. मुखडा, म्हणजे गाण्याची पुन्हा पुन्हा येणारी पहिली ओळ, लोकांना द्यावाच लागतो, तो ओठांवर बसला नाही तर गाणं चालतच नाही. अंतऱ्यात काय करायचं हे मात्र संगीतकाराच्या मनावर असतं. तिथे त्याने भागवून नेलं तरी कोणी जाब विचारत नाही.

'श्रावणात घन निळा बरसला' घ्या. शब्द मंगेश पाडगावकरांचे, चाल श्रीनिवास खळ्यांची, आवाज लता मंगेशकरांचा. हे सिनेमातलं गाणं नाही. पडद्यावर नट नाही, प्रसंग नाही, आणि तरी महाराष्ट्रात पाऊस सुरू झाला की ते कुठे ना कुठे वाजतंच. म्हणजे करमणुकीची परीक्षा ते केव्हाच पास झालंय. आता हे गाणं पेटीवर घेऊन बसा. एरवी एक अंतरा बसला की पुढचे आपोआप बसतात, कारण चाल तीच असते, फक्त शब्द बदलतात. आम्ही साथीदार त्यावरच विसंबून असतो. इथे ती सोय नाही. खळ्यांनी प्रत्येक अंतऱ्याला वेगळी चाल दिली आहे. एका अंतऱ्याची तयारी दुसऱ्याला उपयोगी पडत नाही. प्रत्येक अंतरा नवीन ठिकाणी उघडतो, आणि तिथून परत मुखड्यावर यायची वाट दर वेळी नव्याने पाठ करावी लागते. गाणारा जरा बेसावध राहिला की एका अंतऱ्यातून दुसऱ्यातच घुसतो.

हे कोणी सांगितलं होतं खळ्यांना? कोणीच नाही. पहिल्याच चालीत बाकीचे अंतरे बसवले असते तरी गाणं तितकंच गाजलं असतं, कारण मुखडा आणि तो आवाज तेवढ्याला पुरेसा होता. पण पाडगावकरांच्या कवितेत प्रत्येक कडव्यात चित्र बदलतं. खळ्यांना ते दिसलं आणि चित्र बदललं की चाल बदलायला हवी असं त्यांना वाटलं. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या हे कधी लक्षातही येत नाही. त्यांना एवढंच जाणवतं की हे गाणं कितीही वेळा ऐकलं तरी शिळं होत नाही. त्या शिळं न होण्यामागे अंतऱ्यांत घेतलेले हे कष्ट आहेत.

दर वेळी कष्ट चालीतच असतात असंही नाही. गीतरामायण 1955 च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर सुरू झालं आणि वर्षभराहून थोडा जास्त काळ दर आठवड्याला एक नवं गाणं, अशी 56 गाणी झाली. रेडिओची मालिका, डोक्यावर तारीख, आठवडा संपला की पुढचं गाणं तयार पाहिजे. या घाईत एखाद्याने यमकं जुळवून वेळ मारून नेली असती. त्यातलं 'पराधीन आहे जगती' बघा. राम भरताची समजूत घालतोय. कडव्यामागून कडवं येतं, चाल जवळपास तीच राहते, पण कवी गदिमा (ग. दि. माडगूळकर) प्रत्येक कडव्यात तो युक्तिवाद एक पायरी पुढे नेतात. मधलं एक कडवं गाळलं तर पायरी निसटते. इथे अंतरा कवीने राखलाय, आणि संगीतकार सुधीर फडक्यांनी चाल आवरती ठेवून त्याला वाट करून दिली आहे.

आता मला जे खरं खटकतं त्याकडे येतो. कला कुठली आणि करमणूक कुठली हे आपण गाणं ऐकून ठरवत नाही. गाणं कुठे गायलं गेलं, कोणी गायलं आणि समोर कोण बसलं होतं, यावरून ठरवतो.

लावणीचं बघा. बैठकीच्या लावणीत गाणारी बाई बसून गाते. एकच ओळ ती पुन्हा पुन्हा घेते आणि दर वेळी तिचा अर्थ बदलतो. एकदा त्यात रुसवा असतो, एकदा टोमणा, एकदा आर्जव. शब्द तेच. बदलतं ते भुवईचं वळण, मानेची लचक, बोटांची हालचाल आणि स्वर कुठे सोडला ती जागा. ढोलकीवाला आणि पेटीवाला तिच्या नजरेवर असतात. पैसे मोजून समोर बसलेल्या माणसाने यातलं काही मागितलेलं नसतं, त्याला ठसका मिळाला तरी तो खूश असतो. यमुनाबाई वाईकरांनी हे आयुष्यभर केलं. आणि आपल्या समाजाने या गाण्याला कित्येक पिढ्या 'तसलं गाणं' म्हटलं. यमुनाबाईंना पद्मश्री 2012 मध्ये मिळाली, तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडली होती. सुलोचना चव्हाणांना ती मिळायला 2022 उजाडलं आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्या गेल्या. डोक्यावर पदर घेऊन, माईकसमोर उभं राहून त्या लावणी गायच्या. नाच नाही, पडदा नाही. सगळी अदाकारी उच्चारात. त्यांच्या गाण्यातला एखादा 'गं' किंवा 'बाई' नीट ऐका. त्या एका अक्षरात लाडही असतो आणि धमकीही असते. ज्या गदिमांनी गीतरामायण लिहिलं त्यांनीच सिनेमांसाठी लावण्याही लिहिल्या. लेखणी एकच, पण एका गाण्यापुढे आपण हात जोडतो आणि दुसऱ्याच्या वेळी घरातल्या मोठ्यांकडे चोरून बघतो.

उलट बाजूही बघा. पुण्यात 1953 पासून सवाई गंधर्व महोत्सव होतो. आज तिथे हजारो माणसं शांत बसून गाणं ऐकतात, आणि ती कला आहे याबद्दल कोणाला शंका नसते. पण ज्यांच्या नावाने हा महोत्सव आहे ते रामभाऊ कुंदगोळकर नाटक मंडळीत काम करायचे, स्त्री भूमिका करायचे. 'सवाई गंधर्व' हे नाव त्यांना रंगभूमीने दिलं. आणि त्या काळचं नाटक म्हणजे रोख तिकिटाची करमणूक. 1916 मध्ये 'स्वयंवर' नाटक आलं तेव्हा बालगंधर्वांना वन्समोअर देणारा प्रेक्षक काही शास्त्रीय संगीताचा अभ्यासक नव्हता. त्याला मजा हवी होती. नाटकाला चाली देणाऱ्या भास्करबुवा बखल्यांनी त्या मजेच्या पोटात आयुष्यभर कमावलेली ख्यालाची विद्या घातली, आणि ज्याला यमन राग कशाला म्हणतात ठाऊक नव्हतं तो माणूस यमनातलं पद गुणगुणत घरी गेला. आज आपण ज्याला अभिजात म्हणून बोट लावतानाही विचार करतो, ते शंभर वर्षांपूर्वी गल्ला भरण्यासाठी उभं राहिलं होतं.

वस्तीतल्या गाण्यांबाबत तर आपण कान बंदच करून घेतो. वामनदादा कर्डकांनी गावोगाव फिरून भीमगीतं लिहिली आणि गायली. प्रल्हाद शिंद्यांनी विठ्ठलाची गाणी गायली, भीमगीतं गायली, कव्वाल्या गायल्या. त्यांची भक्तिगीतं आज सगळ्या महाराष्ट्रात पहाटे वाजतात. पण 'मराठी संगीताची वाटचाल' असा कार्यक्रम सभागृहात बसवायचा म्हटलं की निवेदनाच्या कागदावर भावगीतवाले असतात, नाट्यसंगीतवाले असतात, आणि वामनदादा, प्रल्हाददादांना एक ओळही मिळत नाही. त्यांच्या गाण्याला लोकगीत म्हणून बाजूला बसवतात. प्रल्हाददादा वरच्या पट्टीत शब्द टाकतात तेव्हा आवाज कुठेही पातळ होत नाही, शब्द कुठेही सुटत नाही. ही तालीम नाही तर काय आहे? ज्यांना हे ऐकू येत नाही त्यांची अडचण कानात नसते, ती जातीत आणि वर्गात असते. हे मी स्पष्टच लिहितोय, कारण दर्जा हा शब्द आपल्याकडे फार वेळा याच कामासाठी वापरला जातो.

आणि ज्याला आपण खात्रीने कला म्हणतो त्याचं काय? 'सुवर्णकाळाच्या आठवणी' छापाचे कार्यक्रम बघा. मी यात वाजवतो, त्यामुळे आतून सांगतो. रेशमी साड्या, मागे समई, भारावलेलं निवेदन. पण प्रेक्षकाला काय हवं असतं? रेकॉर्ड जशी होती तशीच्या तशी. मधला बासरीचा तुकडा बदलला तर मध्यंतरात येऊन लोक नाराजी सांगतात. गायिकेने स्वतःची एखादी हरकत, म्हणजे सुरांची छोटी नक्षी, घेतली तर "मूळ गाण्यात हे नाही" म्हणतात. जे मागितलंय तेवढंच, तसंच, मोजून द्यायचं. कष्टाने देतो, मनापासून देतो, लोकांचे डोळे भरून येतात आणि त्यात वाईट काही नाही. पण माझ्या हिशेबाने ही निव्वळ करमणूक आहे. त्या गाण्यांत जी कला आहे ती ज्यांनी ती गाणी केली त्यांची.

मग 'सैराट'मधलं 'झिंगाट'? 2016 मध्ये थिएटरात लोक खुर्च्या सोडून नाचले. ते नाचण्यासाठीच केलेलं गाणं आहे आणि नाचण्याच्या गाण्याने नाचवलंच पाहिजे. पण त्याच सिनेमाच्या संगीतासाठी अजय-अतुलने लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर पाश्चात्त्य वाद्यवृंद बसवून रेकॉर्डिंग केलं. करमाळ्याकडच्या पोरापोरीच्या प्रेमाला एवढी मोठी सिम्फनी कोणी मागितली होती? सिंथेसायझरवर व्हायोलिनचा आवाज काढून सहज भागलं असतं. 'याड लागलं' मध्ये ती तंतुवाद्यं उसळून येतात तेव्हा त्या मुलाचं वेड आपल्याला पोरकट वाटत नाही, मोठं वाटतं. मासेमारी करणाऱ्या घरातल्या मुलाच्या प्रेमालाही हा मान मिळाला पाहिजे, असा तो निर्णय आहे. मी याला कला म्हणतो, आणि ज्यांना म्हणायचं नाही त्यांच्याशी वाद घालायला तयार आहे.

आज मला भीती वाटते ती अंतऱ्याची. स्पॉटिफायवर गाणं 30 सेकंद वाजलं की ते ऐकलं म्हणून मोजलं जातं. रील तर अनेकदा त्याहूनही छोटं. मग सुरुवातीचं वादन कापलं जातं, मुखडा पहिल्या काही सेकंदांत आणला जातो आणि सगळी अक्कल त्या एका ओळीवर खर्च होते. टीव्हीवरच्या स्पर्धांत मुलं मुखडा आणि एक अंतरा गातात, कारण वेळ तेवढाच असतो. गाणं शिकायला येणाऱ्या मुलांना दुसरा अंतरा आहे हेच माहीत नसतं, असं माझ्या ओळखीच्या गायन शिक्षिका सांगतात. संगीतकार तरी काय करणार? जिथे कोणी पोचणारच नाही तिथे तो कशाला रात्र रात्र जागेल?

तरी सगळा दोष फोनवर टाकायला मी तयार नाही. छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात याच फोनमुळे घराघरांत पोचल्या. हातात एकतारी, मागे ना ढोलकी ना बँजो, आणि उघड्या गळ्याने गायलेली भीमगीतं. त्यांचे व्हिडिओ लोक शेवटपर्यंत ऐकतात, कडव्यामागून कडवं. म्हणजे ऐकणाऱ्याला धीर नाही हे खरं नाही. त्याला थांबावंसं वाटेल असं काही दिलं तर तो थांबतो.

म्हणून यंदा गणपतीचे कार्यक्रम ठरवणाऱ्या मंडळांना माझं एकच सांगणं आहे. तुमच्या आवडीची गाणी निवडा, लावणी घ्या, भीमगीत घ्या, नाचाचं घ्या, भावगीत घ्या, मी सगळ्याला साथ करीन. पण तीन तासांत चाळीस गाण्यांची यादी देऊ नका. वीस द्या आणि गायकांना सगळे अंतरे म्हणू द्या.