दप्तरात कोयता

काल परत तसलाच एक व्हिडिओ आला. मिसरूडही नीट न फुटलेली तीन पोरं, माना खाली, पोलीस त्यांच्याच वस्तीतून त्यांची धिंड काढतायत. खाली कमेंट्समध्ये नुसत्या टाळ्या.

पर्वतीच्या पायथ्याशी मी संध्याकाळची अभ्यासिका चालवते. मागे दहावीतल्या एकाच्या सॅकमध्ये कोयता सापडला. मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली, पातं गंजकं. म्हटलं, झाली भाईगिरी सुरू! 'कशाला रे हे?' तर म्हणतो, 'मॅडम, कॅनॉलपलीकडच्या पोरांकडं कट्टा आहे. मी काय कंपासपेटी दाखवू?' कट्टा म्हणजे गावठी पिस्तूल. आधी हसू आलं. मग कळलं, हा तीन महिने घरी जायचा रस्ता रोज बदलत होता.

जो आधीच एवढा टरकलाय, त्याला आणखी घाबरवून काय साधणार? अमेरिकेत न्यू जर्सीच्या रॉवे तुरुंगात हे करून झालंय, १९७० च्या दशकात. वाट चुकलेल्या पोरांना आत नेऊन जन्मठेपेच्या कैद्यांकडून दमदाटी करवायची. पुढे असल्या प्रयोगांची नीट तपासणी झाली, तर तिथे नेलेली पोरंच न नेलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे करत होती. आपल्याकडे तर धिंड म्हणजे रीलला आयता माल. रात्रीपर्यंत त्यावर गाणं चढलेलं असतं.

२०२३ मध्ये पुण्यात कोयता घ्यायला आधार कार्ड मागायचं ठरलं. ठीक आहे. पण कट्टा येतो मध्य प्रदेशाच्या हद्दीवरच्या उमर्टीकडून, तिथे कोण आधार बघतंय?

शिकागोत २०१२ च्या उन्हाळ्यात वेगळंच केलं. मारामाऱ्यांच्या वस्त्यांमधल्या १,६३४ मुलामुलींची सोडत काढून काहींना ८ आठवडे पगारी काम दिलं, सोबतीला एक मोठं माणूस. पुढच्या १६ महिन्यांत हिंसक गुन्ह्यांसाठी त्यांना झालेल्या अटका बाकीच्यांपेक्षा ४३ टक्क्यांनी कमी. आणि हा फरक मुख्यतः काम संपल्यावर दिसला, म्हणजे पोरं कामात अडकली होती म्हणून गप्प बसली, असंही नाही.

शिकागोतल्याच दुसऱ्या एका उपक्रमातला खेळ मी आमच्याकडे खेळून पाहिला. एकाच्या मुठीत चेंडू, दुसऱ्यानं ३० सेकंदांत तो मिळवायचा. नुसती झोंबाझोंबी, एकाचं बटण तुटलं. म्हटलं, 'अरे, मागून का नाही पाहिलास?' तो गप्प. मग म्हणाला, 'मागायचं डोक्यातच नाही आलं.'

कोयत्याचं मी त्याच्या आईला नाही, आजीला सांगितलं. आजी दुसऱ्या दिवसापासून क्लासच्या दारात येऊन बसायला लागली, त्याला घरी न्यायला. दहावीचा घोडा आणि न्यायला आजी! लाजून मेला होता. पण महिनाभरात रस्ते बदलणं बंद झालं. आजी मुद्दाम कॅनॉलवरूनच न्यायची. पलीकडचं ते टोळकं कठड्यावर बसलेलं असायचं, आणि ही त्यातल्या एकाला रोज विचारायची, 'काय रे, जेवलास का?'